पूजेतली बंदूक

कासलबार गावाच्या बाहेर, डोंगराकडे जाणारा अरुंद रस्ता मेंढ्यांच्या कुंपणाशी येऊन संपतो, तिथं दोनच घरं आहेत. एक निवेदिताचं, नवं, पांढरं, मोठाल्या काचांचं. दुसरं मार्टिन डर्कन यांचं; दगडी, बुटकं, खिडक्या एवढ्याएवढ्याशा. निवेदिताची आई, विभावरीबाई देशकर, नागपूरहून लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांनी या शेजाऱ्याला मार्टिनभाऊ करून टाकलं. म्हाताऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची जिभेला सवय नव्हती आणि मिस्टर डर्कन म्हटलं की बँकेत आल्यासारखं वाटायचं. भाऊ म्हणजे काय ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की एक बहीण होती, ती बॉस्टनला जाऊन तिकडेच वारली, तेव्हा जागा तशी रिकामीच आहे.

निवेदिता वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. जावई यशोधन कंपनीच्या कामानं निम्मा आठवडा दूर रिंगास्किडीला. नात तन्वी शाळेत. दिवसभर घर भांड्यासारखं रिकामं वाजायचं. मग सकाळची कामं आटोपली की मार्टिनभाऊ कुंपण ओलांडून यायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून स्वयंपाकघरात बसायचे, आणि आल्याचा चहा व्हायचा. त्यांची बायको नोरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, विभावरीबाईंचे दत्तात्रय जाऊन त्याहून थोडी कमी. दोघांनाही गेलेल्या माणसांबद्दल बोलायला संकोच नव्हता. विभावरीबाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या फळ्यासारखं स्वच्छ होतं. मार्टिनभाऊंचं मेयो परगण्यातलं, आयरिश वळणाचं इंग्रजी त्यांना पहिले सहा महिने निम्मंच कळे. पण कळल्यासारखी मान डोलावली की माणूस पुढं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनी दार उघडलं तर कडीला एक मेलेला पक्षी टांगलेला. लांब शेपटीचा, सोनेरी-तांबूस. त्या मटकन पायरीवर बसल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी करणी केली. संध्याकाळी निवेदिता हसत हसत म्हणाली, "अगं आई, फेझंट आहे तो. प्रेझेंट दिलंय तुला त्यांनी. हंगामातला पहिला." दुसऱ्या दिवशी विभावरीबाईंनी पक्षी फडक्यात गुंडाळून परत केला आणि आपण अंडंसुद्धा खात नाही हे सांगितलं. मार्टिनभाऊ शरमले. मग म्हणाले, "म्हणजे गेले सहा महिने तुम्ही नुसत्या भाज्यांवर जगताय? डॉक्टरला दाखवलंत का?"

तो पक्षी ज्या बंदुकीनं पाडला ती बंदूक विभावरीबाईंनी पुढं त्यांच्या घरी पाहिली. दुनळी, बारा बोअरची, मार्टिनभाऊंच्या वडिलांची. लाकडी दस्ता हाताळून हाताळून साबणासारखा गुळगुळीत झालेला. ती पाहताच विभावरीबाई एकदम मेळघाटात जाऊन पोचल्या.

त्यांचे वडील जंगलखात्यात रेंजर होते. सागाच्या जंगलातलं सरकारी क्वार्टर, ओसरीवर कंदील, आणि आतल्या खोलीत खुंटीला वडिलांची अशीच दुनळी. खंडेनवमीला आई ती पुसूनपासून चौरंगावर ठेवायची. शेजारी कोयता, विळी, वडिलांचा होकायंत्राचा डबा, मुलांची पुस्तकं. बंदुकीच्या दोन्ही नळ्यांना झेंडूची माळ. निवडणूक आली की मात्र परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. ती गेली की आई म्हणायची, घरातलं कुणी गावाला गेल्यासारखं वाटतंय. वडील निवृत्त झाले आणि बंदूक कायमची जमा झाली. त्या दसऱ्याला आईनं चौरंगावर तिच्या जागी पाट्याचा वरवंटा ठेवला होता.

हे सगळं त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं. मार्टिनभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बंदुकीला फुलं कशासाठी?"

"जे आपलं राखतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा. त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही."

"आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही," ते म्हणाले. "आम्ही नुसतं तेल घालतो."

बंदुकीबद्दल ते असंच बोलत, अभिमान न दाखवता. पण परवान्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा. इथं परवाना तीन वर्षांचा. तो गार्डाचा, म्हणजे पोलिसांचा, मोठा अधिकारी देतो. आपल्याला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात, डॉक्टरकडे चौकशी करायला संमती द्यावी लागते. बंदूक घरात कुलपात हवी. ज्याच्या नावावर आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाजवळ ती नुसती असली तरी गुन्हा. येत्या वर्षी नूतनीकरण होतं. "पूर्वी सही करून टाकायचे," मार्टिनभाऊ म्हणाले. "आता डॉक्टर बसवून विचारतो, आज वार कोणता. आधी बंदूक काढून घेतील. मग गाडी. मग मॉरा येऊन मला नावनला घेऊन जाईल." मॉरा ही त्यांची मुलगी, नावनच्या हॉस्पिटलात नर्स. गुणी होती, दर रविवारी फोन करायची. तिनं बापासाठी एक खोली रंगवूनही ठेवली होती. "खोलीतून काय दिसतं माहितीये? दुसऱ्या लोकांच्या गाड्या."

असं काही होणार नाही, असं विभावरीबाईंना म्हणवलं नाही. कारण वार कोणता, हे मार्टिनभाऊंना अधूनमधून खरोखरच माहीत नसायचं.

त्यांच्या हे आधीच ध्यानात आलं होतं. एकाच दिवशी दोनदा सलगमची पिशवी आणून देणं. साखर घातली का, हे एका कपात तीनदा विचारणं. एकदा जाताजाता दारातून वळून ते म्हणाले, "नोरा, दिवा बंद कर." आणि निघून गेले. विभावरीबाईंनी दिवा बंद केला होता.

त्यांनी हे घरात एकदा पाहिलेलं होतं. दत्तात्रय मुख्याध्यापक होते; हजार पोरांची नावं ज्यांना तोंडपाठ, त्यांना शेवटी आपल्या मुलाचं नाव आठवेना. तेव्हा सगळ्यांनीच त्यांना सांभाळून घेतलं. आणि सांभाळता सांभाळता त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी खालच्या आवाजात बोलायलाही सुरुवात केली. स्कूटर विकली ती न सांगता. शाळेच्या मंडळातून नाव काढलं ते न सांगता. ते अंगणात उभे राहून स्कूटर शोधायचे आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघायचे. तो चेहरा विभावरीबाईंच्या डोळ्यांसमोरून आजवर हलला नव्हता.

तर त्या वर्षीची खंडेनवमी कामाच्या दिवशी आली. विभावरीबाईंनी कुंडीत झेंडू लावले होते. पावसानं मेले नव्हते तेवढे खुडले. चौरंगावर यशोधनचा जुना लॅपटॉप, निवेदिताचं मोजमापाचं कॅलिपर, तन्वीची कॅमोगी खेळायची लाकडी काठी आणि त्यांची स्वतःची कात्री. काठी ठेवताना तन्वीनं बजावलं होतं, "आजी, प्रॅक्टिस आहे उद्या. डोन्ट बी पुटिंग रंग ऑन द ग्रिप."

पूजा मांडत असतानाच मार्टिनभाऊ आले. हातात लांबट कॅनव्हासची पिशवी. कोट घातलेला, दाढी केलेली, प्रार्थनेला जाताना करतात तशी.

"तुम्ही म्हणाला होतात, आज फुलांचा दिवस," ते म्हणाले.

त्यांनी टेबलावर बंदूक काढली. तीन भागांत सुटी केलेली होती; काडतुसं घरीच ठेवलेली. नळ्या उजेडाकडे धरून आतून रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि मग ती जोडून स्वतःच चौरंगावर ठेवली. विभावरीबाईंनी दस्त्याला कुंकू लावलं, नळ्यांना माळ घातली, आरती म्हटली. आपण साठ वर्षांनी बंदुकीची पूजा करतोय आणि शेजारी एक डर्कन हात जोडून उभा आहे, हे वडिलांना सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. मार्टिनभाऊंनी शिरा दोनदा मागून घेतला. निघताना ते बंदुकीकडे वळले, तेव्हा विभावरीबाई म्हणाल्या, "आता नाही. पूजेला बसलेलं हत्यार उद्याच्या उत्तरपूजेआधी हलवत नाहीत. उद्या दुपारी या."

"ग्रँड," ते म्हणाले, इथं 'बरं'ला तसंच म्हणतात, आणि रिकामी पिशवी खांद्यावर टाकून कुंपण ओलांडून गेले.

चूक झाली ती इथं. ती करताना विभावरीबाईंना ती चूक आहे असं क्षणभरही वाटलं नाही. वडिलांच्या घरात बंदूक रात्रभर देवांपुढे असायचीच. त्यांच्या मनात कायद्यापेक्षा तो चौरंग जुना होता.

दुपारी अमेरिकेतून आशुतोषचा, त्यांच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. टेक्सासात त्याची तेव्हा सकाळ होती. आईनं कौतुकानं पूजा दाखवली. तो म्हणाला, "थांब, फोन मागे घे. ती काय आहे?"

सांगितल्यावर त्यानं डोक्याला हात लावला. "परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"मार्टिनभाऊंच्या."

"आणि बंदूक कुणाच्या घरात आहे?"

विभावरीबाईंनी चौरंगाकडे पाहिलं.

"आई, ऐक. इथं माझा शेजारी दूध आणायला जाताना कमरेला पिस्तूल लावतो. राज्याचा कायदा त्याला परवानासुद्धा विचारत नाही. पण मी व्हिसावर आहे, तर केंद्राचा कायदा म्हणतो, तू जवळ बाळगायची नाहीस. एकाच गल्लीत त्याला मुभा आणि मला तुरुंग. शिकारीचं लायसन काढलं तर पुन्हा चालतं म्हणे, म्हणजे आपल्यासारख्यानं हरणं मारावीत. मागे बारबेक्यूला त्यानं सहज हातात दिली बघायला, तर मी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. कायदा वेडाबागडा असेल, पण त्याला आपली पूजा कळत नाही. आणि तुझी तिथली परवानगी दर वर्षी नवी करावी लागते. आत्ता परत देऊन ये."

"मी हातात घेऊन रस्त्यानं जाऊ?"

"नको. त्यांना बोलाव."

त्यांनी फोन केला. उचलला नाही, मार्टिनभाऊ दुपारी मेंढ्यांकडे असत. संध्याकाळी निवेदिता आली आणि तिनं तर बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. "आई, अगं ही काय आर्टिफॅक्ट आहे का? लाइव्ह फायरआर्म आहे! तन्वी आहे घरात." तिनंही फोन लावला, दार वाजवून आली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. शेवटी तिनं देवाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईकडे दिली. काहून एवढी घाई, उद्या नेतीलच, असं विभावरीबाई पुटपुटल्या. पण त्यांचंही मन आता थाऱ्यावर नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मुलगी कामावर आणि नात शाळेत गेल्यावर त्या उत्तरपूजेसाठी अक्षता भिजवत होत्या, तेव्हा खिडकीतून त्यांना मार्टिनभाऊंच्या फाटकाशी गार्डाची गाडी दिसली.

त्यांनी शालही घेतली नाही. ओल्या गवतातून, स्लिपर घालूनच त्या कुंपण ओलांडून गेल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलाशी ऑर्ला नावाची तरुण गार्डा बसली होती. गावात ती सगळ्यांना ओळखायची. मार्टिनभाऊ उभे होते, पांढरेफटक. भिंतीवरच्या लोखंडी कपाटाचं दार सताड उघडं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, प्रेस रिकामी, प्रेस रिकामी.

बंदूक चोरीला गेली, अशी त्यांनी सकाळी उठल्याउठल्या तक्रार दिली होती. आणि चोरही त्यांना सापडला होता. गेल्या आठवड्यात छपराचे पन्हळ दुरुस्त करायला आलेला मुलगा. तो कपाटाकडे बघत होता, त्याची नजर चांगली नव्हती, त्याचा बापही तसाच. ऑर्लानं त्याचा पत्ता विचारून घेतला होता. ती उठायच्या बेतात होती.

विभावरीबाईंनी मार्टिनभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काल दाढी करून, कोट घालून आलेला माणूस त्या चेहऱ्यात कुठंच नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुरता कालचा दिवस झालाच नव्हता.

खरं सांगावं, तर परवाना आजच गेला. मग गाडी, मग नावन. गप्प बसावं, तर त्या पोराच्या दारात गार्डाची गाडी. विभावरीबाईंना तिसरी वाट दिसली आणि विचार करायच्या आत त्या तिच्यावर चालू लागल्या.

"बंदूक माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "मी नेली."

ऑर्लानं पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

"काल आमचा सण होता. हत्यारांची पूजा करतात. हे झोपले होते. मी कपाट उघडून घेऊन गेले. आज परत आणणारच होते."

"यांना न विचारता?"

"न विचारता."

"मिसेस देशकर, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? परवाना नसताना दुसऱ्याची बंदूक घरातून उचलून नेणं साधी गोष्ट नाही. मला ते वर कळवावं लागेल. तुमच्या इथं राहण्याच्या परवानगीवरही त्याचा परिणाम होऊ शकतो."

"कळतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"कपाटाची किल्ली कुठून मिळाली?"

"तिथून. साखरेच्या डब्यामागून." समोर फळीवर दिसला तो डबा त्यांनी सांगितला.

मार्टिनभाऊ इतका वेळ त्यांच्याकडे बघत होते. आता त्यांचा हात शर्टाच्या कॉलरकडे गेला. आत एक दोरी होती. ती त्यांनी हळूहळू बाहेर ओढली. तिला मदर मेरीचं एक छोटं पदक होतं आणि एक किल्ली.

"ही मी अंघोळीलाही काढत नाही," ते म्हणाले. "नोरालासुद्धा दिली नव्हती."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. किल्ली ते अंगठ्यानं चाचपत राहिले, आंधळा माणूस नाणं ओळखतो तशी. मग त्यांनी विभावरीबाईंना विचारलं, "बंदूक मीच आणून दिली?"

दत्तात्रयांचा अंगणातला चेहरा विभावरीबाईंसमोर आला. त्या म्हणाल्या, "हो. काल सकाळी. तुम्ही कोट घालून आला होता. शिरा खाल्लात. ठेवून जायला मी सांगितलं. ती चूक माझी आहे."

"आवडला का मला? शिरा?"

"दोनदा घेतलात."

त्यांनी मान हलवली. मग दोरी डोक्यावरून काढली, पदक सोडवून खिशात टाकलं, आणि किल्ली ऑर्लापुढे टेबलावर सरकवली. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुमचा साहेब कागद पाठवून मागेल, त्याच्या आधी मी देतोय असं लिही. आणि त्या पोराच्या घरी जाऊ नकोस. त्याचं पन्हळ चांगलं आहे, गळत नाही. चहा घेणार?"

ऑर्ला नको म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "घेते."

चहानंतर ऑर्ला बंदूक न्यायला निवेदिताच्या घरी आली. देवाच्या खोलीच्या दारात तिनं न सांगता बूट काढले. विभावरीबाईंनी अक्षता वाहिल्या, चौरंग जरासा हलवला, माळ उतरवली. आता उचल म्हणाल्या. ऑर्लानं बंदूक अशी उचलली की पाळण्यातून मूल उचलतेय. विभावरीबाईंवर कसलाही आरोप ठेवला गेला नाही. म्हाताऱ्यानं स्वतः आणून दिली होती, आणि ऑर्लानं तेवढंच लिहिलं. पण निवेदिता कितीतरी दिवस आईशी मोजकंच बोलली. तू स्वतःला अडकवून घेणार होतीस, आमचा विचार केलास का, असं एकदाच म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी मार्टिनभाऊ आले होते. टोपी गुडघ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "आणखी काय काय विसरलोय मी, जे तुम्हाला माहीत आहे?"

विभावरीबाईंनी सांगितलं. सलगम, साखर, नोरा, दिवा.

त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "दिवा तुम्ही बंद केलात?"

"केला."

"मग ठीक." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मॉरा येईल. डॉक्टर येतील. सगळे माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतील. तुम्ही तसं करू नका. मी विचारीन ते मला सरळ सांगा. मी दहादा विचारलं तरी."

विभावरीबाईंनी शब्द दिला.

तो पाळणं किती कठीण जाईल, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. मार्टिनभाऊ कुंपण ओलांडून धावतपळत आले. प्रेस रिकामी होती. माझी बंदूक तुम्ही पाहिलीत का, त्यांनी विचारलं. विभावरीबाईंनी सांगितलं. आणि तोच पांढरा चेहरा, तोच हात कॉलरकडे, दोरी नाही हे कळणं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते खाली बसले. "मी दिली? माझ्या हातानं?"

"तुमच्या हातानं. कुणी हिसकावली नाही."

"मी आरडाओरडा केला का?"

"नाही. गार्डाला चहा विचारलात."

हे ऐकून ते जरा सावरले. तेवढंच त्यांना हवं असायचं, की आपण नीट वागलो. पुढं ते दर दोन-तीन दिवसांनी येत राहिले, आणि दर वेळी विभावरीबाई सांगत राहिल्या. माणूस गेल्याची बातमी एकदाच सांगावी लागते. ही बातमी त्यांना पुन्हा पुन्हा नव्यानं सांगावी लागत होती. निवेदिता म्हणाली, "आई, दुरुस्तीला दिलीय म्हणून सांग ना. काय बिघडतं? का त्यांना दर वेळी रडवतेस?" यशोधनही तेच म्हणाला. विभावरीबाई म्हणाल्या, बिघडत काहीच नाही, म्हणूनच भीती वाटते. एकदा सोयीचं सांगायला लागलो की मग थांबता येत नाही.

हिवाळ्यात डॉक्टरांनी गाडी बंद केली. मॉरा दर शनिवारी येऊ लागली. फेब्रुवारीत मेंढ्या बाजारात गेल्या, पिलं व्हायच्या आधीच. पिलं पळवणाऱ्या कोल्ह्यांना मारायला कुणी नाही आणि राखावं असं काही शेतात उरलंही नाही. कुंपणाजवळचं गवत गुडघ्याएवढं वाढलं. त्या गवतातून मार्टिनभाऊ येत; आता सावकाश येत, वाटेत थांबत. कधी बंदुकीचं विचारत, कधी नोराचं. नोराचंही विभावरीबाई खरंच सांगत. ते मात्र सर्वांत जड जाई.

मॉरा त्यांना नावनला न्यायला आली तो दिवस उघाडीचा होता, ऊन पडलेलं. ती घरात सामान भरत होती. मार्टिनभाऊ कोट घालून इकडे आले. दाढी मॉरानं करून दिली होती. हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. विभावरीबाईंनी शिरा केला होता. ते शांतपणे खात होते. चहा झाला. टोपी गुडघ्यावर होती. विभावरीबाई वाट बघत होत्या. आज ते विचारतील आणि आपण शेवटचं सांगू, याची त्यांनी सकाळपासून मनाशी तयारी केली होती. ते विचारत नव्हते.

शेवटी त्यांनीच म्हटलं, "मार्टिनभाऊ, आज बंदुकीचं काही विचारायचं नाही?"

"कुठली बंदूक?" त्यांनी अदबीनं विचारलं, परक्याच्या घरी विचारावं तसं.

विभावरीबाईंना वाटलं, जाऊ दे म्हणावं. मॉराची गाडी कुठल्याही क्षणी दारात आली असती. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला घेतलं. की इथं शेजारी मार्टिन डर्कन नावाचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या वडिलांची एक दुनळी होती, दस्ता साबणासारखा गुळगुळीत. त्यांनी एकदा शेजारणीच्या दाराला फेझंट टांगला आणि ती बिचारी घाबरून पायरीवर बसली. यावर मार्टिनभाऊ हसले. मग पूजेचं सांगितलं. मग किल्लीचं. शेजारीण त्यांच्यासाठी खोटं बोलायला निघाली होती, पण त्यांनी ते चालू दिलं नाही, सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि किल्ली स्वतः काढून दिली.

मार्टिनभाऊंनी चमचा बशीत ठेवला. पूर्ण लक्ष देऊन त्यांनी ऐकलं होतं.

"अवघड गेलं असेल त्याला," ते म्हणाले.

"फार."

"पण भला माणूस दिसतोय."

बाहेर मॉरानं हॉर्न वाजवला. विभावरीबाईंनी उरलेला शिरा डब्यात भरला, झाकण घट्ट लागलंय का पाहिलं, आणि त्यांना हाताला धरून दारापर्यंत नेलं.